ट्रॅक्टर शेडखाली की उघड्यावर? काळ्या जमिनीत शेड बांधण्याआधी विचारायचं आहे

कपाशी_यवतमाळ
नमस्कार मंडळी. ४५ एचपीचा ट्रॅक्टर, ६ फुटी रोटाव्हेटर, १० बाय ६ ची ट्रॉली आणि पेरणी यंत्र, एवढं सामान आहे. सध्या सगळं कडुनिंबाखाली ताडपत्री टाकून उभं असतं. घराला लागून ३० बाय २० फूट जागा आहे, लांबी उत्तर-दक्षिण. वर पाचेक फूट काळी माती, खाली मुरूम. पूर्वेला अंगण आहे, म्हणजे गाडी तिकडूनच आत जाणार.

ऊन जास्त नुकसान करतं की पाऊस? चार भिंती आणि शटरचं गोदामच बांधावं की नुसते खांब आणि टिन पुरे? पैसा एकदम घालता येणार नाही, तर आधी काय करावं? पेरणी आटोपली की जुलैपासून दिवाळीपर्यंत ट्रॅक्टरला काम कमी, आणि पाऊस नेमका तेव्हाच. त्या काळात काय जपावं तेही सांगा.

डिझेल_मिस्त्री
भाऊ, पाऊस नुसता वरून पडून गेला तर पत्रा आणि रंगापलीकडे फार बिघडत नाही. पाणी आत शिरून तिथेच बसलं की खर्च सुरू होतो. म्हणून ते कुठून शिरतं तेवढं पक्कं माहीत असावं.

पहिली जागा सायलेन्सर. उभ्या सायलेन्सरची टिचकी, म्हणजे वरची हलती झाकणी, गंजून अर्धी उघडी अडकते. झडीचं पाणी नळीतून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळ्यांत, उतरतं. इंजिन बंद होताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडा राहिला असेल, त्यात ते पाणी जातं. थोडं असेल तर रिंगा लायनरला गंजून धरतात. जास्त असलं आणि कोणी थेट सेल मारला, तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून ट्रॅक्टर दोन दिवसांहून जास्त उभा राहणार असला की सायलेन्सर थंड झाल्यावर त्यावर टिनाचा डबा पालथा घाला. स्टिअरिंगला लाल चिंधी बांधा, म्हणजे डबा काढायचा राहून जात नाही.

दुसरी जागा गिअर लिव्हरचा रबरी बूट. उन्हाने तो तडकतो आणि सीटसमोर साचलेलं पाणी त्या चिरेतून सरळ गिअरबॉक्समध्ये जातं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं. त्यात पाणी मिसळलं की तेल दुधासारखं पांढरट होतं, लिफ्ट झटके देते आणि बेअरिंगांवर ठिपके पडतात. मग मॉडेलप्रमाणे तीस ते पन्नास लिटर तेल बदलावं लागतं. बूट मात्र अगदी स्वस्तात मिळतो. दरवर्षी मे महिन्यात बोटाने ताणून पाहा, घडीत बारीक चीर दिसली तर बदलून टाका.

तिसरी जागा डिझेल टाकी. झाकणाचं वॉशर गेलं असेल तर पाणी थेट जातं. ते ठीक असलं तरी अर्धी रिकामी टाकी श्वास घेते: दिवसा तापलेली हवा बाहेर, रात्री दमट हवा आत. तो ओलावा टाकीच्या भिंतीवर पाणी होऊन तळाशी बसतो. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर शेवाळासारखा चिकट गाळ धरतो आणि फिल्टर चोंदतात. पाणी पंपापर्यंत गेलं तर प्लंजर आणि नोझल दोन्ही जातात. म्हणून उभं करताना टाकी भरून ठेवा. पण उन्हाळ्यात काठोकाठ नको. तापमान २० अंशांनी वाढलं की ६० लिटर डिझेल साधारण १ लिटरने फुगतं, तेवढी जागा सोडा.

चौथी जागा ऑइल बाथ एअर क्लीनर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा तेलाने गाळणारं भांडं. झड होऊन गेली की खालची वाटी उघडून तेल पाहा. पांढरं झालं असेल किंवा पातळी खुणेच्या वर गेली असेल तर ओतून टाका, वाटी डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवीन इंजिन ऑइल घाला. पातळी वाढलेल्या वाटीने इंजिन चालवलं तर ते तेल आत ओढलं जातं.

खारपाण_अकोला
मिस्त्रीभाऊ, पाण्याचं बरोबर हाय, पण उनाले इतकं हलकं नका घेऊ. तुम्हीच सांगतलं का बूट उनानं तडकते अन् मंग पाणी जाते. म्हणजे सुरुवात उनापासूनच झाली ना!

भर उनाळ्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर, कुठंबी पाहा, पारा ४५ च्या वर जाते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर, जिथं रबर दुमडते तिथं, पह्यले केसासारख्या चिरा पडते. बटनं (जमिनीले टेकते थे उंचवटे) शाबूत दिसते, पण भिंत कडक झाली का ढेकळाच्या वावरात टायर फुटते. मागच्या टायरांची जोडी म्हणजे ट्रॅक्टरवरचा सर्वात मोठा रबराचा खर्च. सीट, होसपाइप, फॅनबेल्ट, वायरीवरचं प्लास्टिक, मीटरची काच, हे सारं ऊनच खाते. बॅटरीचं पाणीबी उनानंच लवकर आटते.

शेड व्हाचं तवा व्हइन, पण तवरोक दोन कामं कराले पैसा लागत नाही. ट्रॅक्टर अशा बाजूनं उभा करा का दुपारचं ऊन मोठ्या टायरांवर सरळ येणार नाही. अन् रिकामं पोतं ओलं न करता टायरावर टाकून द्या. ओलं पोतं टाकून टायर थंड ठेवाले जाल, तं रिमले जंग लागन.

डिझेल_मिस्त्री
मान्य. ऊन वस्तू हळूहळू खातं, पाणी एकाच पावसाळ्यात खर्चात पाडतं. पण दोघांपेक्षा वाईट म्हणजे कोंडलेला ओलावा. ताडपत्रीत घट्ट गुंडाळलेला ट्रॅक्टर उघड्यावरच्या ट्रॅक्टरपेक्षा लवकर गंजतो, कारण उघड्यावरचा निदान उघाड पडल्यावर वाळतो तरी.

संत्रा_वरुड
ताडपत्री वापरायचीच असेल तर ती ट्रॅक्टरला लागता कामा नये. बांबूच्या कमानी करा, ताडपत्री बॉनेटच्या किमान एक फूट वर आणि खाली गुडघाभर मोकळी ठेवा. २०० ते २५० जीएसएमची (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाची) घ्या, त्याहून हलकी एक मोसम जेमतेम काढते. वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री बॉनेटच्या कडांवरचा रंग घासून काढते आणि तिथूनच गंज धरतो. कामावरून आल्या आल्या कधीही झाकू नका. सायलेन्सरला ताडपत्री चिकटते, आणि गरम इंजिनाची वाफ खाली कोंडून बॉनेटच्या आतून थेंब ओघळतात ते वेगळंच. हिरवी शेडनेट सावलीपुरती ठीक. ५० टक्के सावलीच्या नेटपेक्षा ७५ टक्क्यांची बरी, पण पावसाला तिचा उपयोग नाही.

झाडाबद्दलही बोलायला हवं. कडुनिंबाची सावली चांगलीच, पण त्याचा बारीक पाला बॅटरीच्या खणात, फूटरेस्टच्या कोपऱ्यात आणि रेडिएटरच्या जाळीत बसतो. पाऊस पडला की तो कुजतो आणि खालचा पत्रा भोकं पडेपर्यंत ओला ठेवतो. बॅटरीचा खण एकदा काढून खालून पाहा, गंज तिथेच सगळ्यात जास्त दिसेल. आंब्याखाली चिकटा पडतो, वर धूळ बसून थर होतो. पाखरांची विष्ठा उन्हात वाळली की रंग सोडवते. आणि मे-जूनच्या वादळात फांदी पडते, वीज पडते. आपल्या भागात विजेचं प्रमाण पाहता एकट्या उंच झाडाखाली यंत्र किंवा माणूस, दोन्ही थांबू नये.

टिनशेड_फॅब्रिकेटर
कपाशीभाऊ, तुमच्या जागेचं मोजमाप दिलंत ते बरं झालं. माझं मत सरळ आहे: आधी छप्पर, मग जमीन, भिंती सगळ्यात शेवटी. शटर तर नकोच. चार भिंतींच्या गोदामात जमिनीतून येणारा ओलावा अडकतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पहाटे टिनाला आतून घाम फुटून तो ट्रॅक्टरवर ठिबकतो. एक बाजू पूर्ण उघडी असली की हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो.

दिशा: आपला पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि दुपारचं ऊनही पश्चिमेचं. म्हणून पश्चिम आणि दक्षिण बंद, पूर्व पूर्ण उघडी. तुमचं अंगण पूर्वेला, म्हणजे जमून आलं. उतार पश्चिमेकडे: मागे ९ फूट, पुढे १२ फूट. ६ ला १ उतार येतो, तो पुरेसा आहे.

आकार ३० बाय १८. पूर्वेकडून १० फुटांचे तीन गाळे करा. ट्रॅक्टर रोटाव्हेटरसह साधारण १६ फूट भरतो, तो एका गाळ्यात. दांड्यासह ट्रॉली १५ फुटांच्या आसपास, ती दुसऱ्यात. तिसऱ्यात पेरणी यंत्र, नांगर, वखर. पुढच्या बाजूला कैचीखाली (छताच्या लोखंडी सांगाड्याखाली) किमान साडेदहा फूट मोकळी उंची सोडा, छत्रीवाला ट्रॅक्टर पुढेमागे आला तरी अडचण नको.

पुढे चार, मागे चार, असे आठ खांब. ४ इंची पाइप चालेल.

आता पाया. इथेच सगळे पैसे वाचवायला जातात, आणि शेड पडतात ती त्यामुळेच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन-अडीच फूट खोल खांब त्या मातीबरोबर वर-खाली होतो आणि तीन-चार वर्षांत पत्र्याचे सांधे उघडतात. तुमच्याकडे पाच फुटांवर मुरूम आहे, तर खड्डा साडेपाच फूट खोल करा, पायाचा तळ मुरमात अर्धा फूट बसला पाहिजे. खड्डा २ बाय २ फूट. निघालेली काळी माती खांबाभोवती परत भरू नका.

काँक्रीट इतकं का, तर उघड्या शेडला वारा वरून ओढतो आणि आतून उचलतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला साधारण ११८ किलो होतो. मधल्या एका खांबावर छताचा १० बाय १० फूट, म्हणजे ९ चौरस मीटरच्या वर भाग येतो. उचल झाली हजार किलोच्या पुढे. टिन आणि लोखंड मिळून त्यातलं शंभरेक किलोच परत देतात. बाकी सगळं पायाच्या वजनाने धरायचं असतं. २ बाय २ बाय साडेपाच फूट काँक्रीट दीड टनाच्या आसपास भरतं, म्हणजे हिशेब जमतो. आठ खड्ड्यांचं मिळून ५ घनमीटर, १:२:४ (सिमेंट, वाळू, गिट्टी) प्रमाणाने ३० ते ३२ पोती सिमेंट. खांबाच्या तळाला आडवी सळई वेल्ड करून मगच काँक्रीट ओता, नाहीतर पाया जमिनीत राहील आणि पाइप त्यातून निसटेल.

टिन: ०.५ मिलिमीटर रंगीत पत्रा, साडेवीस फुटी सलग, आडवा सांधा नको. एका पत्र्याने साधारण १ मीटर झाकतं, दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर धरून ३२ फुटांना १० पत्रे लागतात. ८० बाय ४० मिलिमीटरच्या पर्लिनच्या (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडांच्या) सहा ओळी, ओळींत चार-चार फूट अंतर, एकूण १९२ फूट. स्क्रू ३५० च्या आसपास. पहिल्या आणि शेवटच्या पर्लिनवर दाट घ्या, पत्रा उडायला सुरुवात कडेपासूनच होते.

धानपट्टा_भंडारा
विदर्भाच्या पश्चिमेकडे ७०० ते ९०० मिलिमीटर पाऊस, इकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत १२०० च्या पुढे. त्यामुळे आमच्याकडे शेडच्या जमिनीचा प्रश्न छपराइतकाच मोठा. टिन चांगलं आणि खाली उघडी ओली माती असली, तर ट्रॅक्टरचा वरचा भाग चकचकीत राहतो आणि खालून इंजिनाचा तेलाचा संप (तळाची टाकी), हाउसिंगचे बोल्ट, ब्रेकचे रॉड गंजतात.

जमीन बाहेरच्या पातळीपेक्षा एक फूट उंच घ्या. ५४० चौरस फुटांना दबून एक फूट भरायला सात ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम धरून चला. सहा-सहा इंचांचे दोन थर, प्रत्येकावर पाणी मारून रोलर. लगेच कोबा (काँक्रीटची जमीन) करायला पैसे नसतील तर वर चार इंच गिट्टी पसरा, २० ते ४० मिलिमीटरची, पावणेदोन-दोन ब्रास. बारीक मातीतून पाणी वर चढतं, जाड गिट्टीच्या पोकळ्यांतून चढत नाही, एवढंच त्यामागचं कारण आहे. म्हणून गिट्टीवर चुरी टाकून पोकळ्या भरू नका. पुढे कोबा करायचा झाला तर याच थरावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरून चार इंच काँक्रीट, उतार पूर्वेकडे ६० ला १.

पश्चिमेच्या वळचणीखाली पन्हळ लावा किंवा दोन फूट दूर चर काढा. पागोळ्यांचं पाणी पायालगत मुरलं की काळी माती तिथेच फुगते.

आणखी एक, चिखलणीचं काम करणाऱ्यांसाठी. केज व्हीलने (चिखलात चालायच्या लोखंडी पिंजऱ्यासारख्या चाकांनी) चिखलणी केलेला ट्रॅक्टर न धुता शेडमध्ये लावणं म्हणजे ओलं फडकं गुंडाळून ठेवणं. पुढच्या हबचं सील चिखलात घासतं आणि पाणी बेअरिंगपर्यंत जातं. धुऊन, दोन तास उन्हात वाळवून, प्रत्येक निपलमध्ये जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरा. बाहेर आलेलं ग्रीस पांढरट दिसलं तर हब उघडून पाहावाच लागेल. धुताना प्रेशरची नळी अल्टरनेटर, सेल्फ आणि वायरीच्या जोडांवर धरू नका.

कपाशी_यवतमाळ
खूप कामाचं सांगितलंत सगळ्यांनी. तिसऱ्या गाळ्यात खताची पोती आणि थोडं कुटार (जनावरांचा भुसा) ठेवलं तर चालेल का? आणि शेडला लागून गोठा काढायचा विचार आहे.

डिझेल_मिस्त्री
तिन्ही नको.

युरिया, पोटॅश, डीएपी हवेतला ओलावा ओढतात. पोटॅश तर क्लोराईडच. त्याची धूळ लोखंडावर बसली की पावसाळ्यात तिथे खारट पाणी सुटतं आणि गंज झपाट्याने पसरतो. पेरणी यंत्राची खतपेटी याच कारणाने जाते. शेवटची पेरणी झाली की त्याच दिवशी पेटी रिकामी करून धुवा, वाळवा, खताच्या चाकऱ्या आणि त्यांचा दांडा हाताने फिरवत जुनं तेल लावा. आठवडा गेला तरी दांडा जाम होतो आणि पुढच्या मृगात हातोडा मारत बसावं लागतं.

गोठ्यात मूत्राचा अमोनिया असतो. तो तांब्या-पितळेला खातो: वायरीची टोकं, रेडिएटरची जोडणी, अल्टरनेटर. गोठा १०-१५ फूट तरी दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

कुटार, पऱ्हाटी, तुराटी, कापूस हे आगीचं सामान. शेडला टेकवून नकोच, २५-३० फूट लांब बरं. शिवाय कुटार तिथे उंदीर.

पिकअप_वाशीम
उंदरांचं आलं म्हणून लिहितो. शेड झालं की उंदीर आणि घूस हमखास येतात, उघड्यावर हा त्रास तुलनेने कमी. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरची वायर कुरतडली तर लाइट आणि सेल्फपुरतं भागतं. पण ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) लागू झालं, त्यांत ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि सेन्सर आले. तिथे एक वायर तुटली की इंजिन चालूच होत नाही. पिकअप आणि कारचंही तेच.

उपाय साधे आहेत. रात्री बॉनेट उघडं ठेवा. उंदराला अंधारी, उबदार, बंद जागा हवी असते, उघड्या इंजिनात तो घर करत नाही. एअर क्लीनरच्या तोंडाला आणि सायलेन्सरला बारीक जाळी किंवा डबा ठेवा, पण तिथे चिठ्ठी लावा. शेडमध्ये धान्य, ढेप, सरकी काही ठेवू नका. भिंतीच्या खालच्या दोन फुटांना ६ मिलिमीटरची जाळी. कुंभारीण माशी डिझेल टाकीच्या झाकणातलं आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरचं भोक मातीने बुजवते. टाकीचं भोक बुजलं की इंजिन थोडं चालून दम तोडतं आणि माणूस फिल्टर बदलत बसतो. तार घालून साफ करा.

पेट्रोलच्या गाड्यांबद्दल: आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. कार्ब्युरेटरची मोटारसायकल असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवा. पिकअप लांब उभी करताना हँडब्रेक ओढू नका, ब्रेकचे ओले लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकाखाली ठोकळा लावा.

खारपाण_अकोला
बरेच लोक दर आठ दिवसाले पाच मिनिटं ट्रॅक्टर चालू करते अन् बंद करते. थे चांगलं का वाईट, मिस्त्रीभाऊनं सांगावं.

डिझेल_मिस्त्री
वाईट. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. जळलेल्या डिझेलमधून पाण्याची वाफ होते, ती थंड सायलेन्सरमध्ये आणि तेलात बसते. चालू करायचा तर अर्धा तास चालवा, काटा हिरव्यात जाऊ द्या, जागेवरून हलवा, लिफ्ट चार वेळा वर-खाली करा. तेवढा वेळ नसेल तर चालूच करू नका.

दोन-तीन महिने उभा करायचा असेल तर असं करा. इंजिन ऑइल जुनं झालेलं असेल तर उभं करण्याआधी बदला, नंतर नाही. वापरलेल्या तेलात आम्ल असतं आणि ते बेअरिंगांवर बसून राहतं. इंजिन गरम असतानाच काढा, म्हणजे गाळ सोबत येतो. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर कूलंट घाला. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, कूलंट गंजासाठी लागतो. बोअरच्या पाण्याने क्षार बसतात, खारपाणपट्ट्यात तर ते घालूच नये. वॉटर सेपरेटर आणि फिल्टरच्या तळाचा नट सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढा. लिफ्टचे हात पूर्ण खाली. ट्रॉलीच्या जॅकचा रॉड पूर्ण आत, क्रोमवर एकदा गंजाचा ठिपका पडला की तो दरवेळी सील कापतो.

क्लच. हा मुद्दा फार थोडे लोक पाळतात. कोरड्या क्लचची प्लेट दमट हवेत फ्लायव्हीलला गंजून चिकटते. पॅडल दाबलं जातं, पण गिअर पडत नाही. म्हणून पॅडल पूर्ण दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवा, बऱ्याच ट्रॅक्टरांना त्यासाठी कडीही असते. ब्रेक लॉक करू नका, मोठ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.

बॅटरीचं काळं टोक आधी काढायचं, लाल नंतर. जोडताना उलट. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली आली की चार्ज करा, १२.२ म्हणजे अर्धी संपली. अर्धी संपलेली बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि मग ती पूर्ण चार्ज घेत नाही. साधी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड पाणी प्लेटांच्या वर १० मिलिमीटर. टोकांना पेट्रोलियम जेली लावा, ग्रीस चालतं पण धूळ धरतं.

टायर: हवा नेहमीची ठेवा, कमी करू नका. महिन्यातून एकदा अर्धा फेरा पुढे सरकवा. तीन महिन्यांच्या वर उभा राहणार असेल तर अॅक्सलखाली सागवानी ठोकळे देऊन वजन उचला. डिझेल-तेलाचे थेंब टायरवर नकोत, रबर फुगतं. वेल्डिंग मशीन शेडमध्ये सतत चालत असेल तर त्याच्या ठिणगीतून ओझोन होतो, त्यानेही टायरला चिरा पडतात.

परत चालू करताना आधी डबा काढा. ऑइल, पाणी, बेल्ट पाहा. मेकॅनिकल पंप असेल तर स्टॉप नॉब ओढलेला ठेवून आठ-दहा सेकंद सेल मारा, अर्धा मिनिट थांबा, असं तीनदा. तेल वरपर्यंत चढतं. पहिल्याच वेळी इंजिन अर्ध्या फेऱ्यात ठक्क करून अडलं तर पुन्हा सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं, नोझल काढून मगच फिरवा. ट्रेम-४ ला स्टॉप नॉब नसतो, तिथे पुस्तकात दिलेली पद्धत पाळा.

टिनशेड_फॅब्रिकेटर
चार्जर आणि दिव्यासाठी वीज घ्यालच, तर शेडच्या लोखंडाला वेगळं अर्थिंग द्या आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. ओल्या हाताने खांब धरला जातोच. दाराशी ४ किंवा ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर टांगा, आत कोपऱ्यात नको, आग लागल्यावर तिथे पोचता येत नाही.

कपाशी_यवतमाळ
ठरलं. दसऱ्यानंतर खड्डे, या हंगामात खांब-टिन आणि मुरूम-गिट्टी. पश्चिम-दक्षिणेची भिंत पुढच्या वर्षी. तोवर पश्चिमेला काय लावू? आणि स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा की खोलगट भागात? दोन कारागीर दोन सांगतात.

टिनशेड_फॅब्रिकेटर
पावसाळ्याआधी पश्चिम आणि दक्षिणेला जुने पत्रे किंवा बांबूचे तट्टे लावा. जमिनीपासून अर्धा फूट आणि वर छपराखाली एक फूट मोकळं सोडून. वरच्या फटीतून टिनाखालची गरम हवा निघून जाते. पक्की भिंत बांधाल तेव्हाही ती वरची फट तशीच ठेवा.

छपराला स्क्रू उंचवट्यावर. पाणी खोलगट भागातून वाहतं, तिथलं वॉशर उन्हाने कडक झालं की गळती सुरू होते. लांब स्क्रू घ्या आणि वॉशर थोडंसं दबेल इतकंच आवळा. मशीनने जास्त आवळलं तर पत्रा चेपतो आणि वॉशर कडेने फाटतं. खालून स्क्रूचं टोक पर्लिनमधून बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर तो स्क्रू नुसत्या पत्र्यात बसलाय, काढून पुन्हा मारायला लावा. आणि पत्र्यावर पडलेला लोखंडाचा कीस त्याच संध्याकाळी झाडून घ्या, एक पाऊस झाला की त्याच्या प्रत्येक कणाखाली गंजाचा डाग पडतो.